हलू नये म्हणून केलेला स्टँड

खोक्यावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, ‘दहा मिनिटांत लावा, कुठंही न्या.’ त्या दहा मिनिटांचे आता सव्वादोन तास झाले होते. भागीरथाबाई खुर्चीत बसल्या बसल्या त्या खोक्याकडे अशा पाहत होत्या की त्याला लाज असती तर ते स्वतःच्या पायांनी कचऱ्यात गेलं असतं.

टीव्हीचा पडदा निळा. त्यावर एकच ओळ, ‘सिग्नल नाही.’

“आलं काय?” गच्चीवरून नवऱ्याचा, चंपतरावांचा, आवाज आला.

“नाई!”

“आता?”

“नाई म्हनलं ना!”

“जरा नीट पाय ना!”

“निळं हाय जी! निळ्यात काय नीट पाहू मी?”

वरून पहारेचा घर्रर्र आवाज झाला आणि छताचा थोडा चुना भागीरथाबाईंच्या चहात पडला. त्यांनी कप बाजूला सारला. सकाळपासूनचा हा तिसरा कप.

आज सव्वीस जानेवारी. दिल्लीच्या परेडमध्ये त्यांची नात प्रेरणा चालणार होती. एनसीसीच्या मुलींची तुकडी, तिसरी रांग, डावीकडून चौथी. हा पत्ता भागीरथाबाईंनी महिनाभर इतका घोकला होता की झोपेतून उठवून विचारला असता तरी सांगितला असता. मुलगा राजदीप आणि सून साधना पास घेऊन दिल्लीला गेले होते. काल रात्री प्रेरणाचा फोन आला होता. “आजी, हम लोग टीव्हीवर जास्तीत जास्त अर्धा मिनिट दिसू. पलक मत झपकाना. आणि आजोबाले सांगजो, मेरा हाथ ज़रूर देखना.”

हात पाहायचा, कारण तो हात आजोबांनी घडवला होता. चंपतराव चौतीस वर्षं स्टील प्लांटात, प्लेट मिलच्या मेंटेनन्समध्ये. नात एनसीसीत गेली तशी त्यांनी रोज पहाटे तिला गल्लीतून चालवलं, मागून ओरडत, “हात खांद्यापर्यंत! मान सरळ!” पोरगी रडली, रुसली, दोनदा म्हणाली की आता नाही येत. तिसऱ्या दिवशी पुन्हा बूट घालून दारात उभी.

अशा पोरीला पाहायला घरात टीव्ही होता, पण टीव्हीत काही नव्हतं. सेक्टर सहाचं कंपनीचं क्वार्टर सोडून दोघं दिवाळीनंतर रिसालीत वरच्या मजल्यावर भाड्यानं आले होते, मोहन नगरातलं स्वतःचं घर बांधून होईस्तोवर. केबलवाला ‘सोमवारी येतो’ म्हणाला होता, कोणता सोमवार ते बोलला नव्हता. घरमालकाची अट, गच्चीला एक भोक पाडायचं नाही. म्हणून राजदीपनं ही उचलून नेता येणारी डिशची छत्री मागवून दिली, सोबत तीन पायांचा हलका स्टँड.

समोरची शेवंता कालच म्हणाली होती, “जय भीम काकू, माह्याकडे या ना पाहाले.” पण ऑपरेशन झालेल्या गुडघ्याला आज बारावा दिवस. डॉक्टरनं जिना चढाउतरायची सक्त मनाई केली होती. आणि चंपतरावांच्या फोनवर परेड लावावी तर नुसतं चक्र फिरे. भागीरथाबाईंचा स्वतःचा फोन बटणांचा. तेव्हा पाहायचं तर इथंच, ह्याच खुर्चीत.

तो हलका स्टँड लावला असता तर कदाचित काम झालंही असतं. पण चंपतरावांनी तो दोन बोटांनी उचलला आणि त्यांचं तोंड वाकडं झालं. “हे काय स्टँड हाय? याच्यात उदबत्ती लावा.” झालं. त्याच पावली ते पॉवर हाऊस भागातल्या एका वेल्डिंगच्या दुकानात गेले. दोन दिवस तिथंच तळ ठोकला. खाली बारा एमएमची लोखंडी प्लेट, तिच्यावर चॅनल, चॅनलवर पाइप, आणि वाऱ्यानं छत्री फिरू नये म्हणून तिची पकडसुद्धा पाइपाला वेल्ड करून टाकलेली. तो स्टँड गच्चीवर चढवायला तीन माणसं लागली. त्यातला एक जाताना कंबर धरून गेला.

“पोर्टेबल म्हन्जे काय जी?” भागीरथाबाईंनी तेव्हाच विचारलं होतं.

“कुठंबी नेता येते ते.”

“मंग हे न्या बरं कुठं.”



आता छत्री वळवायची म्हणजे अख्खा स्टँड पहारेनं बोटबोट सरकवायचा. केबल तीनदा काढून झाली, तीनदा लावून झाली. सेट-टॉप बॉक्स बंद करून झाला, चालू करून झाला, त्याच्यावर फुंकर मारून झाली, एकदा चापटही मारून झाली. दिल्लीहून राजदीपचा फोन आला, तोही गर्दीतून.

“बाबा, दिशा पाहा. दक्षिणेकडून जरा पूर्वेला. एकशे पन्नास डिग्री.”

“एकशे पन्नासच हाय! मले डिग्री शिकवून राहिला काय तू?” चंपतराव गच्चीवरून इतके ओरडले की फोनची गरजच नव्हती.

दहा वाजून दहा मिनिटांनी ते खाली आले. शर्टावर गंजाचे डाग, कपाळावर घाम. फोन त्यांनी बायकोच्या नाकासमोर धरला.

“पाय! मोबाइलमंदी होकायंत्र असते. याच्यात पाहूनच लावली. माही चूक नाई. छत्रीच खराब हाय.”

भागीरथाबाईंनी फोनकडे पाहिलं, मग स्वयंपाकघराच्या खिडकीकडे. “याच्यात पूर्व कोनती?”

“हे. बान पाय ना.”

“बरोबर हाय. तिकडूनच सूर्य निघते, रोज माह्या ओट्यावर ऊन येते. मंग छत्रीचं तोंड कोनाकडं केलं तुमी?”

चंपतरावांनी हातानं दाखवलं. हात सरळ पश्चिमेकडे, शेवंताच्या घराकडे गेला.

“अवो बाप्पा! ते दक्षिण-पूर्व हाय काय?”

चंपतरावांनी फोन पाहिला, हात पाहिला, खिडकी पाहिली. “वर तं बरोबर दाखवून राहिला होता ना.”

“वर फोन ठेवला कुठं होता?”

“स्टँडवर. प्लेट सपाट हाय ना, लेवलमंदी राहते.”

“आन् स्टँड कशाचा हाय?”

चंपतरावांनी फोन हळूच खिशात घातला. चौतीस वर्षं लोखंडात काढलेला माणूस. लोखंडाजवळ होकायंत्राची सुई भरकटते हे शाळेतल्या पोराला ठाऊक असतं, आणि ह्यांनी दीडशे किलो लोखंडावर होकायंत्र ठेवून सकाळभर दिशा शोधली! भागीरथाबाईंना संताप अनावर झाला. पोरगी सहा महिने घाम गाळते, अर्ध्या मिनिटासाठी, आणि तिचा आजोबा ते अर्धं मिनिट आपल्या हौसेच्या प्लेटीखाली दाबून टाकतो.

“तुमच्या त्या लोखंडापायी माही पोरगी दिसनार नाई आता,” त्या म्हणाल्या.

चंपतराव पाना घेऊन वर गेले.

स्टँड पहारेनं एवढा वळवायचा तर दुपार उजाडली असती. काही वेळ नुसते छत्रीमागचे नट कुरकुरल्याचे आवाज येत राहिले. मग वरून हाक आली, “छत्री काढली! हातात धरतो. तू रिमोट दाबून सिग्नलचा आकडा सांग!”

“चार! … चारच! … बारा! अजी, तिकडंच! … वीस! … गेलं, गेलं, मागं या! … चाळीस! साठ! थांबा! हलू नका!”

निळा पडदा गेला. चित्र आलं. रस्ता, झेंडे, घोडे, बँडचा आवाज. भागीरथाबाईंनी दोन्ही हात जोडले ते टीव्हीला की कोणाला, त्यांनाच कळलं नाही.

“आलं! आलं जी!”

“एनसीसी?”

“नाई अजून! घोडेवाले हायेत!”

मधूनच चित्राचे चौकोन चौकोन होत. “हलू नका!” त्या ओरडत. “मी नाई, हात हलून राहिला!” ते ओरडत. अकरा वाजले, सव्वाअकरा झाले. सैन्याच्या तुकड्या गेल्या, पोलीस गेले.

“अजी, ईटा लावा छत्रीले, आन् खाली येऊन पाहून जा!”

“ईट सरकली तं? अर्धा मिनिट हाय. तू पाय!”

तेव्हा भागीरथाबाईंना कळलं की चंपतराव काही पाहणार नाहीत. नट काढतानाच त्यांना ते माहीत होतं. सकाळपासूनचा राग कुठल्या कुठे गेला. उठून जिना चढावा, छत्री आपण धरावी, त्यांना खाली ढकलावं. खुर्चीचे हात धरून त्या अर्ध्या उठल्याही. गुडघ्यानं त्यांना परत बसवलं.

“एनसीसी!” त्या किंचाळल्या. “पोरी आल्या!”

आधी वरून दाखवलं, नुसत्या टोप्या. मग बूट. मग पुढे चालणाऱ्या मुलीचा चेहरा. मग तिसरी रांग. भागीरथाबाई मोजू लागल्या, एक, दोन… डावीकडून म्हणजे आपल्या डावीकडून, की पोरींच्या? हे विचारायचं राहूनच गेलं होतं. त्या पुन्हा दुसऱ्या टोकाकडून मोजायला गेल्या तोवर कॅमेरा पाहुण्यांकडे वळला. पोरी गेल्या.

“दिसली काय?” वरून आवाज आला. आवाज फाटलेला.

भागीरथाबाईंनी पदरानं डोळे पुसले.

“दिसली!”

“हात?”

“खांद्यापर्यंत! सरळ!”

“मान?”

“मान बी सरळ! अकडून चालून राहिली होती, तुमच्यावानी!”

जरा वेळानं पडदा पुन्हा निळा झाला आणि जिन्यावर पावलं वाजली. चंपतराव येऊन उंबऱ्यावर बसले. भागीरथाबाईंनी काठी टेकत उठून त्यांना पाणी दिलं.

तीन वाजता भागीरथाबाईंचा बटणांचा फोन वाजला. प्रेरणा होती, धापा टाकत.

“आजी! देखा क्या? आजोबानं पाह्यलं?”

चंपतरावांनी घाईनं बायकोकडे पाहून मान हलवली, हो म्हण, हो म्हण.

“त्यायनं न पाहाले काय झालं बाई?” भागीरथाबाई म्हणाल्या. “मले बी त्यायनंच दाखवली.”