कळवून घेतलेला नमुना

मी सरकारी आरोग्य प्रयोगशाळेत विषतज्ज्ञ आहे. पाण्यात, मातीत, रंगात माणसाला बाधणारं काय आहे आणि किती आहे, हे शोधणं माझं काम. शोधलेलं कुणाला सांगू नये, हे शिकवायला साहेब आहेत. नातेवाईक मला ‘विषवाली’ म्हणतात आणि माझ्या हातचा चहा मिटक्या मारत पितात.

आमच्या खात्याचा एक लाडका नियम आहे. शाळेच्या पाण्याचा नमुना घ्यायचा तर आठ दिवस आधी पत्र पाठवायचं. म्हणजे चोराला निरोप देऊन धाड घालायची. शिशाची गंमत अशी, की जुन्या पाइपात पाणी रात्रभर, सुट्टीत तर दोन-दोन दिवस, पडून राहिलं की पाइपातलं शिसं त्यात उतरतं. सकाळची पहिली बाटली भरली तर सापडतं. नळ अर्धा तास सोडून मग भरली तर पाणी धुतल्या तांदळासारखं. पत्र पोचलं की शाळेचा शिपाई भल्या सकाळी सगळे नळ सोडून ठेवतो आणि फरशी पुसून घेतो. तो लबाड मुळीच नाही. पाहुण्यांना शिळं पाणी कोण देतं? तीन वर्षं मी ते ताजं पाणी तपासत होते आणि ‘निर्धोक’ लिहून खाली सही करत होते. यातली मेख मला कळत नव्हती, असंही नाही.

यातल्याच एका शाळेचे मुख्याध्यापक म्हणजे माझे भाऊजी आणि दुसरीच्या वर्गात माझी भाची. तिचं पोट सारखं दुखायचं, पाठ झालेलं दुसऱ्या दिवशी कोरं व्हायचं. भाऊजींचं निदान तयार होतं: अभ्यासाचा कंटाळा. एका सोमवारी ताईला बरं नव्हतं आणि भाऊजी बाहेरगावी होते, म्हणून भाचीला सोडायला मी गेले. मावशी म्हणून गेले, त्यामुळे पत्र गेलं नव्हतं आणि शिपाई अजून बूट काढत होता. पोरगी धावत गेली आणि नळाला तोंड लावून घटाघटा प्यायली. पर्समधली बाटली रिकामी करून मी शेजारच्या नळाखाली धरली.

शिसं निघालं मर्यादेच्या अकरापट. मग भाचीचं रक्त तपासलं, ते तिप्पट.

साहेबांनी कागद दोनदा वाचला आणि पत्राचा जावक क्रमांक विचारला. पत्र नाही तर नमुना नाही, नमुना नाही तर शिसं नाही, इतकं ते सोपं होतं. त्यांनी रीतसर पत्र पाठवलं, मी रीतसर गेले, शिपायाने रीतसर नळ सोडले आणि शिसं शून्य आलं. मुलीच्या रक्ताचं काय, असं मी विचारलं. घरातला रंग चाटत असेल, ते म्हणाले. माझा हट्ट पाहून त्यांनी प्रकरण समितीकडे पाठवलं. समितीने तिसरा नमुना मागवला, अर्थात आधी कळवून.

घरी मी आकडा सांगितला तेव्हा ताई ढसाढसा रडली. भाऊजी डोकं धरून बसले, आणि ते नाटक नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून भाचीची पाण्याची बाटली घरून जाऊ लागली. नळ मात्र चालूच राहिले. समितीचा निर्णय येईपर्यंत उगाच घबराट नको, पालक मुलं काढून नेतील, शाळा बंद पडेल, असं भाऊजींचं म्हणणं पडलं. ताईने मला गळ्याची शपथ घातली. मी गप्प बसले. कागद वरून खाली येऊ दे, मग बोलू, असं मी मनाशी ठरवलं. साहेबांना हसता हसता मी त्यांचीच भाषा बोलू लागले होते. भाचीचा आकडा उतरत गेला तसा आमच्या घराचा जीव भांड्यात पडला.

दोन महिन्यांनी तिसरा अहवालही स्वच्छ आला आणि पालकसभा भरली. पाण्याचे नमुने सारखे का नेतात, ही लोकांच्या मनातली शंका जावी म्हणून तज्ज्ञ म्हणून मला व्यासपीठावर बसवलं होतं. दुसऱ्या रांगेतली एक बाई उठली. माझ्या भाचीच्या बाकावर बसणाऱ्या मुलीची ती आई. आपल्या मुलीचं पोट दुखतं, ती हल्ली सगळं विसरते, हे पाण्याने तर होत नसेल ना, असं तिने विचारलं. भाऊजी म्हणाले, अजिबात नाही, आणि माइक माझ्या हातात दिला.

अहवाल माझ्या मांडीवर होता. तो वाचायचा सोडून मी भाऊजींकडे वळले. “मग आपली पोरगी पाणी घरून का आणते?”

पहिल्या रांगेतून ताई उठली आणि तिने सगळं सांगून टाकलं. मुलीच्या रक्तात तिप्पट शिसं होतं, म्हणून घरचं पाणी. तिने एक शब्दही गाळला नाही.

“कधी कळलं तुम्हाला?” त्या बाईने विचारलं.

“दोन महिने झाले.”

बाई चिडली नाही. तिने माझ्याकडे पाहिलं. “आणि मॅडम, तुम्हाला?”

“त्यांच्याआधी,” मी म्हणाले. “आकडा मीच काढला.”

बाई म्हणाली, “तुमची भाची नळावर येईनाशी झाली, म्हणून माझी मुलगी रोज सकाळी लवकर जाऊन तिच्यासाठीही बाटली भरून ठेवते. ती घेत नाही. मग वाया नको म्हणून दोन्ही हीच पिते.”

माफी मागायला हवी होती, ते मला कळत होतं. पण इतक्या वर्षांची सवय. तिच्या अंगात किलोमागे किती शिसं गेलं असेल, त्या हिशेबातलं किती पाणी, किती दिवस, हे डोक्यात मांडून झालं होतं आणि फक्त एक आकडा कमी पडत होता.

“वजन किती आहे तिचं?” मी विचारलं. माइक चालू होता, सगळ्या सभेने ते ऐकलं.