दोन बटणांचं काम

सकाळी सव्वाअकराला कारखान्यात पत्रा दाबणारी तीन नंबरची प्रेस पडली आणि तिच्यावर काम करणाऱ्या बाईची चार बोटं पत्र्याबरोबर चेपली गेली. तिची किंकाळी वरच्या मजल्यापर्यंत आली. त्या मजल्यावर, काचेच्या खिडकीआड, प्रेसचा प्रोग्रॅम लिहिणारी पाच माणसं बसायची.

त्यातल्या एकाला सगळे शंकासुर म्हणत. बारा वर्षं तो टेस्टर होता. दुसऱ्यांनी लिहिलेल्यात चुका काढणं हेच त्याचं काम, म्हणून हे नाव. त्याने खिडकीतून खाली पाहिलं. चौघे जण बाईला उचलून नेत होते. एक जण बादलीने पाणी ओतत होता आणि ते पाणी लाल होऊन नाल्याकडे चाललं होतं. बाकी सहा प्रेस धडाधड पडतच होत्या. सहा नंबरवर त्याचा धाकटा मेहुणा उभा होता.

प्रेसला दोन बटणं असतात, डाव्या हाताला एक आणि उजव्या हाताला एक. दोन्ही एकदम दाबली तरच वरचा ठोकळा खालच्या साच्यावर आदळतो, म्हणजे प्रेस पडते. हात बटणांवर असले म्हणजे खाली सापडायचा प्रश्नच नाही. दोन्ही बटणं एकदम दाबली का, हे आधी एक लोखंडी पेटी बघायची. महिन्यापूर्वी पेटी काढली आणि ते काम प्रोग्रॅमकडे दिलं.

खालून फोरमनचा फोन आला. या पाच जणांच्या साहेबांनी ऐकलं आणि फोन ठेवला.

"बाईने एक बटण चिंधीने बांधलं असणार," ते म्हणाले. "घाई करतात ही माणसं. फोरमनचंही तेच मत आहे."

"चिंधी सापडली?" शंकासुरने विचारलं.

"झाली याची सुरुवात," पैलवान म्हणाला. पैलवान म्हणजे एक काटकुळा पोरगेलासा माणूस. उजव्या बटणाचा भाग त्याचा होता.

शंकासुर कोपऱ्यातल्या टेबलाशी गेला. तिथे दोन बटणं आणि एक दिवा जोडून ठेवलेला होता. प्रेस पडायची वेळ झाली की दिवा लागायचा. वर्षभरात त्याने त्या टेबलाला हात लावला नव्हता.

कारण वर्षापूर्वी हे साहेब आले आणि कामाची पद्धत बदलली. पूर्वी सगळं आधी कागदावर ठरायचं, मग लिहिणारे लिहायचे, शेवटी शंकासुर तपासायचा. त्याची सही नाही तर काही बाहेर जायचं नाही. साहेबांनी दोन-दोन आठवड्यांचे स्प्रिंट आणले. काम कसंही करून दोन आठवड्यांत बसवायचं. वेगळा टेस्टर नको, ज्याने लिहिलं त्यानेच तपासायचं. शंकासुरला 'मास्टर' असं नाव देऊन सकाळची बैठक चालवायला दिली. सगळ्यांनी फळ्यासमोर उभं राहायचं, काल काय केलं ते सांगायचं आणि काम संपलं की फळ्यावरची त्याची चिठ्ठी शंकासुरने 'झालं' या रकान्यात सरकवायची. हुद्दा मास्टरचा आणि अधिकार शिपायाचा, असं तोच हसत सांगायचा. त्या वर्षी त्याची बायकोही गेली होती. भांडायला अंगात जोर नव्हता.

दोन बटणांचं काम एका स्प्रिंटमध्ये बसत नव्हतं, म्हणून त्याच्या दोन चिठ्ठ्या केल्या. डावं बटण पाचांतल्या चष्मेवालीकडे, उजवं पैलवानाकडे. तिने आपलं तपासलं, त्याने आपलं तपासलं. दोन्ही बरोबर. दोन्ही चिठ्ठ्या शंकासुरने स्वतःच्या हाताने सरकवल्या. दोन्ही बटणं एकत्र तपासायची चिठ्ठी नव्हतीच, त्यामुळे ते काम कुणाचंच नव्हतं.

त्याने बटणं दाबायला सुरुवात केली. आधी सावकाश. मग खालची माणसं करतात तशी, भराभर. डावं दाब, सोड, उजवं दाब. दिवा लागला. पुन्हा केलं. पुन्हा लागला. डावं बटण सोडल्यावरही प्रोग्रॅम क्षणभर ते दाबलेलंच धरत होता. तेवढ्यात उजवं दाबलं की प्रेस पडणार, आणि डावा हात असेल तिथे असेल. दहा वेळा केलं, सात वेळा दिवा लागला.

"साहेब, इकडे या."

साहेब आले. त्यांनी स्वतः करून पाहिलं. दिवा लागला. त्यांच्या वरच्या ओठावर घाम आला.

"मी... मी हातात थरथर असली तरी चालावं म्हणून थोडा वेळ धरून ठेवलं होतं," चष्मेवाली म्हणाली.

"प्रेस बंद करायला सांगा," शंकासुर म्हणाला.

"थांब. आज बंद करा म्हटलं तर बाईची बोटं आपण तोडली असा अर्थ होतो. नवी चिठ्ठी लिही, उद्याच्या बैठकीत पहिली घेऊ."

"उद्यापर्यंत सहा माणसं हात घालणार आहेत तिथे."

"एकट्याने ठरवायचं नाही, ही आपली पद्धत आहे."

"चुलीत गेली तुमची पद्धत!"

तो दाराकडे निघाला. साहेबांनी आडवं होऊन दार अडवलं आणि त्याची कॉलर धरली. शंकासुरने त्यांच्या तोंडावर बुक्की मारली. आयुष्यात त्याने कुणाला मारलं नव्हतं. नाक मोडल्याचा आवाज त्याला बोटांतून कळला. साहेबांनी त्याला फळ्यावर ढकललं, फळा खाली आला, चिठ्ठ्या उडाल्या. पैलवान मध्ये पडला तर त्याला कोपर बसलं. शंकासुरने खुर्ची उचलून काचेच्या दारावर घातली आणि फुटक्या काचेतून बाहेर पडला. कपाळ फाटलं होतं. तो जिना उतरून धावत सुटला, मागून साहेब.

"बंद करा! सगळ्या प्रेस बंद करा!"

प्रेसच्या धडधडाटात कुणाला काही कळेना. तो मेन स्विचकडे पळाला. फोरमनने त्याला कमरेला धरून आपटलं आणि वर दोन लाथा घातल्या.

"डोकं फिरलंय याचं," साहेब रुमालात रक्त धरून म्हणाले. "बायको गेल्यापासून असाच आहे. सगळं तपासलेलं आहे."

"एक हात काढला तरी पडते ती!" शंकासुर खालूनच ओरडला.

"दाखव," फोरमन म्हणाला. "करून दाखव."

सहा नंबरवरच्या मेहुण्याने काम थांबवलं. शंकासुर उठला, बटणांशी गेला. डावं दाब, सोड, उजवं दाब. प्रेस हलली नाही. पुन्हा केलं. नाही. आपटून सुजलेल्या हातांना खालच्या माणसांचा वेग जमत नव्हता.

"झालं समाधान?" फोरमन म्हणाला. आजूबाजूला जमलेले हसले.

मेहुणा हसला नाही. बहीण गेल्या दिवसापासून तो शंकासुरशी बोललेला नव्हता. आता बोलला.

"जगाच्या चुका काढता दाजी, आणि घरात माझी ताई सहा महिने खोकत होती ती दिसली नाही. आता आमच्या पोटावर पाय द्यायला आलात?"

"हवं तर मला मारून टाक. पण त्या साच्यात हात घालू नकोस."

"मग तुमचा घाला. एवढी खात्री आहे ना?"

त्याने शंकासुरचं मनगट पकडलं आणि त्याचा डावा हात साच्यावर दाबून धरला. मग बाजूच्या माणसाला म्हणाला, "तू डावं मार आणि सोड. उजवं मी मारतो. आपल्या वेगाने."

शंकासुरने हात ओढला नाही. साच्याचं लोखंड गरम होतं. हातावर चाळीस टनांच्या जोराने पडणारा ठोकळा होता. पंजा पसरून तो फक्त म्हणाला, "ती चिठ्ठी मीच सरकवली होती. मार."

बाजूच्या माणसाने डाव्या बटणावर हात ठेवला. मेहुण्याची मोकळी मूठ उजव्या बटणावर आली.

"नको!" साहेब किंचाळले. "दाबू नका! सोडलं तरी पडते! पडते ती!"

सगळे त्यांच्याकडे वळले. हातातला रुमाल खाली पडला होता आणि नाकातून ओघळणारं रक्त थेट शर्टावर सांडत होतं.

"तुम्हाला माहीत होतं?" फोरमनने विचारलं.

साहेब जिन्याकडे मागे सरले. फोरमन मेन स्विचकडे गेला आणि त्याने दांडा खाली ओढला. एकेक प्रेस थांबत गेली. मग लोक साहेबांकडे सरकले. फोरमनने दोघांना अडवलं, तिसऱ्याला अडवलं नाही. साहेब जिन्याच्या पायरीवर पडले. लाथांचे आवाज येत राहिले. वर फुटक्या दारात चष्मेवाली उभी होती, तिने तोंड फिरवलं.

मेहुण्याने शंकासुरचं मनगट सोडलं आणि एक सणसणीत कानाखाली दिली.

"चिठ्ठी तुम्ही सरकवलीत?"

"हो."

दुसरी दिली. शंकासुर प्रेसच्या खांबाला धरून उभा राहिला. त्याने हात वर केला नाही.

"तपासली का नाहीत?"

"ते माझं काम राहिलं नव्हतं."

"मग कुणाचं होतं?"

शंकासुरने कपाळावरचं रक्त बाहीने पुसलं. मेहुणा जिन्यापाशी गेला, लाथा घालणाऱ्यांना दंडाला धरून बाजूला ओढलं, म्हणाला, "पुरे. जिवंत पाहिजे तो. बाईच्या नवऱ्यासमोर त्यानेच सांगायचंय."

परत येताना त्याने खुंटीवरचं फडकं आणलं आणि शंकासुरच्या कपाळावर दाबलं, दुखेल इतक्या जोराने.

"चला दाजी, दवाखान्यात," तो म्हणाला. "ती बाईही तिथेच आहे. तुम्हीही सांगायचंय."