गावाचे कान

कुशाबानं भैरवनाथापुढचा बेलभंडारा उचलला, तेव्हा त्याच्या डोक्यात राग सोडून दुसरं काहीच नव्हतं. जत्रेच्या भजनाची जुळवाजुळव चालली होती. गावच्या भजनात पेटी वाजवायची ती कुशाबानं, हे कित्येक वर्षांचं ठरलेलं. पण त्या दिवशी भजनाचा म्होरक्या जयसिंग चारचौघांत म्हणाला, "कुशाबा, तुजी पेटी मधी मधी लई लुडबुड करती. यंदा पौडास्नं दुसरा पेटीवाला सांगितलाय." जयसिंग हा कुशाबाचा सख्खा चुलतभाऊ, म्हणून ते जास्तच झोंबलं.

कुशाबा ताडकन उठला. देवापुढचा भंडारा आणि बेल मुठीत धरून म्हणाला, "बरं हाय! आजपास्नं माज्या पेटीचा सूर ह्या गावाच्या कानावर पडला, तर नाथानं मला जाग्यावर बगून घ्यावं!"

मृदंग वाजवणाऱ्या भिकूनं त्याचा सदरा ओढला, पण उशीर झाला होता. भंडारा हातात असताना गेलेला शब्द मागं घ्यायचा, तर साऱ्या गावासमोर नारळ फोडून देवाच्या पायरीवर नाक घासावं लागतं. आणि गावासमोर म्हणजे जयसिंगासमोर. त्यापेक्षा पेटी सोडलेली बरी, असं कुशाबाला वाटलं.

पेटी सोडली, पण पेटीनं त्याला सोडलं नाही. पौडचा पेटीवाला जत्रा वाजवून गेला, लावणी झाली, भातं पोटरीला आली, तरी कुशाबाची बोटं थाऱ्यावर येईनात. जेवताना ताटाच्या काठावर चालायची, औत सोडलं की बैलाच्या पाठीवर चालायची. अन्नाला चव नाही, बोलण्यात लक्ष नाही. फडक्यात बांधून फळीवर ठेवलेल्या पेटीकडं बघायचा आणि मान फिरवायचा. रत्नाबाई, त्याची बायको, हे सगळं बघत होती आणि गप्प होती. चिडलेल्या नवऱ्याशी कधी बोलू नये, हे तिला बरोबर ठाऊक होतं.

मळणी झाल्यावर कुशाबा आणि भिकू भात भरडायला पिरंगुटाच्या गिरणीवर गेले. इंजिनावरची गिरणी नवीनच आली होती. तिच्यामागं भाताच्या तुसाचा हा एवढा डोंगर पडलेला. कुशाबा ढिगाच्या अलीकडून भिकूला हाका मारत होता आणि पलीकडं विडी ओढत बसलेल्या भिकूला इंजिनाची धडधडसुद्धा धड ऐकू येत नव्हती. ढिगाला वळसा घालून कुशाबा त्याच्याजवळ आला आणि तिथंच थबकला.

"भिकू, तूस आवाज गिळतंय!"

"गिळू दे की. आपलं काय जातंय?"

पण कुशाबाचं डोकं कधीच परसात जाऊन पोचलं होतं. गावाच्या कानावर सूर पडता कामा नये, एवढंच तर तो बोलला होता. वाजवणार नाही, असं कुठं बोलला होता?

घरामागच्या परसात, शेणखताच्या खड्ड्याच्या अलीकडं, त्यानं खोली बांधायला काढली. पैशाचं नाव काढायचं नव्हतं. डोंगरावरून कारवी तोडून आणली आणि एका कुडाबाहेर हातभर जागा सोडून दुसरा कूड उभा केला. मधल्या पोकळीत गिरणीचं फुकटचं तूस धोपटून धोपटून भरलं. आतून-बाहेरून शेणामातीनं लिंपलं, वर पेंढ्याचा जाड थर आणि त्यावर चिखल. खिडकी नाही. दाराला आतून पोती आणि रत्नाबाईच्या विटलेल्या गोधड्या टांगल्या. कुणी विचारलं तर, बियाणं ठेवायची खोली. बियाण्याला गोधड्या कशाला, असं रत्नाबाईनं विचारलं नाही. उलट चांगल्यातली एक गोधडी तिनं स्वतःहून आणून दिली, तेव्हाच खरं तर कुशाबाला संशय यायला हवा होता.

आता परीक्षा कशी घ्यायची? पेटी वाजवून बघावी आणि आवाज बाहेर आला, तर शपथ तिथंच मोडली. कुशाबानं आधी आत करडू कोंडलं आणि कुडाला कान लावला. आवाज नाही. पण करडू ओरडतच नसेल तर? मग भिकूला आत बसवून तांब्याचं घंगाळं बडवायला लावलं. बाहेर काही म्हणजे काही नाही. भिकू आत झोपलाय, अशी कुशाबाची खात्री झाली. तो शिव्या घालत आत शिरला, तर भिकू घामानं निथळत घंगाळं बडवत होता.

"आता बास का?" भिकू म्हणाला. मग खाली बसून त्यानं विचारलं, "पर कुशाबा, तुजे कान गावातलेच की रं. तुला ऐकू येणार, त्येचं काय?"

कुशाबा घोटाळला. "वाजवणाऱ्याचं कान धरायचं नसत्यात."

"आणि माजं?"

"तू वाजीवणाऱ्याबरूबरचा." हे बोलताना त्याचं त्यालाच पटलं नाही. मग त्यानं बोटं मोडत हिशेब मांडला, कुणाकुणाच्या कानांपासून जपायचं ते. जयसिंग, गुरव, पाटील, वरच्या आळीचे, खालच्या आळीचे, झाडून सगळे बाप्ये आणि त्यांची पोरं. हिशेब पुरा झाला, असं त्याला वाटलं.

त्या दिवसापासून दिवेलागणीच्या आधी कुशाबा भिकूला घेऊन खोलीत शिरू लागला. आत गुदमरायला व्हायचं, घामाच्या धारा लागायच्या, पण पहिला सूर लागला तेव्हा तो ढसाढसा रडला. लुडबुड म्हणणारं कुणी नव्हतं. वाजवता वाजवता त्यानं एक नवी चालही बांधली, त्याची स्वतःची, भिकूशिवाय कुणी न ऐकलेली.

आणि मग त्याच्या डोक्याचा भुगा व्हायला सुरुवात झाली.

एका पहाटे रत्नाबाई जात्यावर बसली होती आणि गुणगुणत होती ती तीच चाल. कुशाबा अंथरुणात उठून बसला. "ही चाल कुटली गं?"

"कुटली म्हंजी? आली तोंडात," ती म्हणाली आणि जात्यात घास टाकत राहिली.

दोन दिवसांनी पाणवठ्यावर जयसिंगाची बायको रंभाबाई तेच गुणगुणताना दिसली. कुशाबानं तडक भिकूला गाठलं. भिकूनं आपल्या पोरांच्या शपथा घेतल्या, की चाल त्याच्या तोंडून फुटलेली नाही. मग कुणी सांगितली? नाथानं? हा कोप म्हणायचा की प्रसाद?

त्यात खोलीच्या मागच्या अंगाला रोज मूठभर तूस सांडलेलं दिसू लागलं. कुडाला, बसल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर, एक वाटोळं भोक. घूस असेल म्हणून त्यानं ते शेणानं बुजवलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा उघडं. सापळा लावला, सापळ्यात काही नाही. घूस इतक्या उंचावर, इतकं वाटोळं भोक पाडते कशी, हे त्याला उमजेना. घरात चुलीजवळची फुंकणी संध्याकाळची जागेवर नसायची, रत्नाबाई झाकणानं वारा घालत बसायची. विचारलं तर म्हणायची, "हितंच कुटंतरी आसंल." आणि आळीतल्या बायका हल्ली तांदूळ पाखडायला रोज त्याच्याच परसात का येत होत्या, कुणास ठाऊक. प्रत्येक गोष्ट एकेकटी धड वाटायची, पण सगळ्या मिळून काय होतंय, हे कुशाबाच्या टाळक्यात शिरत नव्हतं.

शेवटी त्यानं एक युक्ती केली. वाजवता वाजवता पेटी भिकूकडं सरकवली. "भाता हालीव आणि हे एकच बोट दाबून धर. सोडू नगंस." आणि स्वतः गोधड्या सारून हळूच बाहेर पडला, कुडाच्या कडेनं मागं गेला.

मागं पाचसहा बायका सुपं मांडीवर घेऊन बसल्या होत्या. सुपं हलत नव्हती. कुडात फुंकणी आरपार खोचलेली होती, तिच्या तोंडाला रंभाबाईचा कान.

"आज काय झालंय?" रंभाबाई म्हणाली. "एकच सूर धरून बसल्यात."

"बगू, मला दे. माजी पाळी हाय," थोरली धोंडाबाई पुढं सरकली, आणि तिला कुशाबा दिसला.

सगळ्याजणी सुपं सावरत उठल्या. रत्नाबाई तेवढी बसून राहिली.

"नासलं!" कुशाबा मटकन खाली बसला. "आगं, बेलभंडारा उचललाय मी! गावाच्या कानावर सूर पडला! कवापास्नं चाललंय हे?"

"पयल्या दिसापास्नं," रत्नाबाई म्हणाली. "आणि काय बी मोडलं न्हाई तुमचं. तुमी गावाच्या कानाची शपथ घेतली. मी माज्या म्हायेरची, नेऱ्याची."

"नेऱ्याची?" कुशाबानं मान वर केली.

"ही रंभा भूगावची. धोंडाबाई पिरंगुटाची. ह्यात ह्या गावची कोण हाय? माज्या आंगाला हळद लागून हितं आले, माजी चार लेकरं हितं झाली, एक हितंच मातीत गेलं. तरी परवाच्याला पाटलीणबाई काय म्हनल्या? नेरेकरणीला बोलवा. म्हातारी झाले तरी नेरेकरीणच की मी. मग माजे कान बी नेऱ्याचे." ती हे शांतपणे बोलत होती, तोंडपाठ असल्यासारखं. "तुमी कुणाकुणाच्या कानाचा हिशेब केला, ते भिकूभावजींनी सांगितलं मला. आमी त्यात नव्हतोच. म्हनून तर फुंकणी घातली."

आत भिकूनं बोट सोडलं नव्हतं. तो एकच सूर फुंकणीतून बारीक येत होता. ती म्हणते ते खरं धरलं, तर शपथ शाबूत, पेटी शाबूत, आणि जयसिंगापुढं नाक घासायला नको. फक्त "व्हय" म्हणायचं होतं. तू नेऱ्याची, एवढंच. त्यानं तोंड उघडलं, पण ते शब्द बाहेर येईनात. हिला आपण आतापर्यंत कुठली धरत होतो, हे आठवायचा तो प्रयत्न करू लागला आणि त्याला फार लाज वाटली.

"नारळ हाय का घरात?" त्यानं विचारलं.

"कशाला?"

"हाय का न्हाई?"

सांजेच्या आरतीला सगळं गाव देवळात होतं. कुशाबा नारळ घेऊन पायरीशी उभा राहिला आणि म्हणाला, "माजी शपथ मोडली. माज्या पेटीचा सूर गावाच्या कानावर पडला."

"कुणी ऐकला?" जयसिंगानं विचारलं. "आमी तर न्हाई ऐकला."

"माज्या बायकोनं ऐकला. तुज्या बायकोनं. धोंडाबाईनं. आळीतल्या समद्यांनी."

जयसिंग हसला. बाकीचेही हसले. "आरं लेका, बायका व्हय! त्या काय गाव हायेत का? जा घरी. काय मोडली न्हाई तुजी शपथ. उगंच नारळ कशाला नासतोस?"

जयसिंगानं आयुष्यात पहिल्यांदाच कुशाबाला काही सोपं करून दिलं होतं. घरी जावं, हे बरं होतं. देवळाबाहेर बायका उभ्या होत्या, आरतीला नेहमी उभ्या असतात तिथंच, आणि त्यांत रत्नाबाई होती. ती ऐकत होती की नाही, हे अंधुक उजेडात दिसत नव्हतं.

"मोडली," कुशाबा म्हणाला. त्यानं नारळ पायरीवर आपटला, गुडघे टेकले आणि जयसिंगासमोर, साऱ्या गावासमोर, पायरीवर नाक घासलं.

उठला तेव्हा हसणं थांबलं होतं. फुटलेल्या नारळाची एक कवड घरंगळत बाहेर गेली होती. रत्नाबाईनं ती उचलली, पदरानं पुसली, खोबऱ्याचा तुकडा मोडून आधी रंभाबाईच्या हातावर ठेवला आणि मग स्वतःच्या तोंडात टाकला.