विल्फचं अर्धं गाणं

लँटर्न टीव्ही ही गावची केबल वाहिनी बंद पडणार हे तिथल्या निवेदिकेला, ग्लेनिसला, त्याच दिवशी सकाळी कळलं, तेही मॅनेजर क्रिस्पिनच्या तोंडून नव्हे, तर केकवरून. त्यावर लिहिलं होतं, 'निरोप'.

केबलसाठी लीड्सचे फुटपाथ उकरले तेव्हा हेच कंपनीवाले म्हणत होते, आता तुमच्या क्लबांतले गायक, विनोदवाले घराघरांत दिसतील. बारसं होतंय न होतंय तोच लंडनहून तिरडीचं सामान आलं. दुपारपासून त्या जागी खरेदीची वाहिनी, नकली दागिने आणि व्यायामाच्या सायकली!

ग्लेनिसचा संताप झाला तो पुढचं ऐकून. जुन्या कार्यक्रमांच्या टेपा पुसून कोऱ्या म्हणून विकायच्या होत्या. त्यात विल्फची, क्लबात गातानाची, टेप होती. तिचा नवरा मागच्या हिवाळ्यात गेला आणि त्याचं गाणं दुसरीकडे कुठेच नव्हतं.

"एक टेप तरी द्या की साहेब," ती म्हणाली.

"ग्लेनिस, मला खरंच वाईट वाटतंय," क्रिस्पिन म्हणाला. "पण टेपा कंपनीच्या आहेत. केक घ्या ना."

"केक घाला तुमच्या कंपनीच्या घशात!"

पलीकडच्या खोलीत टेपा पुसणारं चुंबकाचं यंत्र घरघरत होतं. तंत्रज्ञ रॉयस्टन एकेक टेप त्यात सारत होता.

"विल्फची गेली का रे?"

"अगं, ढिगाच्या तळाशी ठेवलीय मी ती. पण नेऊ देणार नाहीत तुला. दारात पिशव्या तपासताहेत."

नवऱ्याला घरी न्यायलाही चोरासारखं जायचं? "ती टेप घेऊन ये," म्हणत ती तशीच स्टुडिओत गेली. निरोपाचा कार्यक्रम तिचाच होता. कॅमेऱ्यावरचा दिवा लाल झाल्यावर तिनं हसून गोड बोलायचं ठरलं होतं.

"मंडळी, आम्हाला बंद करताहेत आणि टेपा पुसताहेत," ती म्हणाली. "घरात व्हिडिओ असेल तर कोरी टेप घाला आणि बटण दाबा. माझा विल्फ गातोय. रॉयस्टन, लाव रे."

पडद्यावर विल्फ आला, ढेरीवर ताणलेला कोट घालून. पहिलं कडवं रंगात आलं तोच क्लबचा सेक्रेटरी मध्येच माइकवर ओरडला, "गरम पॅटिस आलेत!" सगळा क्लब उठला. विल्फनं डोळे मिचकावले आणि रिकाम्या खुर्च्यांसमोर दुसरं कडवं उचललं. ग्लेनिसला हसूही आलं आणि रडूही.

क्रिस्पिन धावत आला. "बंद करा! आत्ताच्या आत्ता!"

"मी नाही करणार," रॉयस्टन म्हणाला.

क्रिस्पिननं स्वतःच मुख्य खटका ओढला. विल्फचा सूर मध्येच तुटला. मेलेल्या माणसाचं तोंड दाबायलाही यांचा हात कचरला नाही.

तेवढ्यात फोन वाजला. बार्न्सलीची एक म्हातारी होती.

"मी घेतलंय हो टेपवर, बाळ. पण अर्धंच आलंय."

"अर्धं तर अर्धं. पाठवाल का मला?" ग्लेनिस म्हणाली.

"पाठवते की. पण उरलेलं कधी लावणार?"

ग्लेनिसनं रिसीव्हर क्रिस्पिनच्या छातीशी धरला.

"उरलेलं गाणं कुठंय विचारताहेत. सांगा तुमच्या तोंडानं."

क्रिस्पिननं रिसीव्हर कानाला लावला आणि "सॉरी, सॉरी" म्हणत उभा राहिला. म्हातारी पुन्हा पुन्हा तेच विचारत होती.