तिथे जन्मलेली

"सिस्टर, बच्ची यहीं पैदा हुई, तो यहीं की हुई ना?"

बाळाच्या बापाने विचारलं तेव्हा विभावरी बाळाला दुपट्यात गुंडाळत होती. आखातातल्या अल ऐनच्या या प्रसूती वॉर्डात ती तरुणपणी नर्स म्हणून आली, ती आता निवृत्तीला टेकली होती. हा प्रश्न तिला नवा नव्हता. बापाचा पासपोर्ट ज्या देशाचा, त्या देशाचं मूल, असं तिने नेहमीसारखं समजावलं. पण लक्ष खिशातल्या फोनकडे होतं. तिकडे न्यू जर्सीत तिच्या सुनेला, मिहिकाला, रात्रीपासून कळा येत होत्या.

तिचा मुलगा सुयश याच वॉर्डात जन्मला, इथल्याच शाळेत शिकला. कॉलेज संपलं, बापाच्या व्हिसावर राहायचं वय उलटलं, नोकरी मिळेना. तेव्हा ज्या गल्लीत सायकल शिकला ती सोडून त्याला जावं लागलं. पुढे अमेरिकेत गेला, तोही कामाच्या व्हिसावर. मिहिकाला दिवस गेल्यावर त्याने उत्साहाने सांगितलं होतं, की तिथे जन्मेल ते मूल तिथलंच, असं त्यांच्या राज्यघटनेत आहे. गुलामगिरी संपल्यावर लिहिलं ते, सुटलेल्या माणसांना आणि त्यांच्या मुलांना कुणी परकं म्हणू नये म्हणून.

मग तिथल्या सरकारचा आदेश निघाला. आईबाप तात्पुरत्या व्हिसावर असतील, तर मूल नागरिक नाही. कोर्टाने तो अडवला, पण वाद वरच्या कोर्टात गेला, निकाल बाकी होता. घटनेतल्या 'तिथल्या कायद्याच्या अधीन' या शब्दांच्या अर्थावर वकील भांडत राहिले आणि सुयशची झोप उडाली.

"भारताचा पासपोर्ट मिळेलच की," सूर्यकांत, विभावरीचा नवरा, एकदा फोनवर म्हणाला.

"मिळेल, बाबा. बाळ भारताबाहेर जन्मणार, म्हणून त्याची नोंद वकिलातीत वर्षाच्या आत करायची, एवढंच. पण प्रश्न तो नाही. कुणी 'where are you from' विचारलं की मी अडखळतो. त्याने अडखळू नये."



ड्यूटी संपवून ती सूर्यकांतच्या गाडीत बसली आणि फोन वाजला. स्क्रीनवर सुयशचा जागरणाने सुजलेला चेहरा होता.

"आई, मुलगी झाली. Both fine." आणि दम न घेता पुढे, "हॉस्पिटलवाले कागद भरायला सांगतायत. आत्ता भरू? उद्या निकाल उलटा लागला तर? वकिलाला विचारू का आधी?"

"सुयश, तिला घेतलंस का?"

"नाही अजून. नर्सकडे आहे."

"मग घे आधी."

त्याने फोन तसाच कुठेतरी ठेवला, बंद करायचं विसरला. स्क्रीनवर नुसतं पांढरं छत दिसू लागलं. सूर्यकांतने गाडी काढता काढता थांबवली. दोघं त्या छताकडे बघत राहिली. लांबून येणारं रडणं हळूहळू जवळ आलं, अगदी फोनपाशी आलं, आणि मग थांबलं.