गोंदलेला तुकडा

आमच्या प्रयोगशाळेत दोनच गोष्टींवरून भांडणं होतात, बर्फ आणि पेन्सिल. बर्फाचं भांडण उन्हाळ्यापुरतं. ऑपरेशनात काढलेला तुकडा आमच्याकडे आला की मी तो मेणाच्या वडीत बसवतो, वडीचे केसाहून पातळ काप काढतो, रंगवतो आणि काचेवर चढवतो. डॉक्टर ती काच सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून सांगतात, कॅन्सर आहे की नाही. नंदुरबारात मे महिन्यात पारा चव्वेचाळिसावर गेला की मेण नरम पडतं, काप चुरगळतात आणि वड्या गार करायला बर्फ लागतो. फ्रीज नेमका तेव्हाच बंद असतो. मग मी बसस्टँडवरच्या गोळेवाल्याकडून बर्फ आणतो. एकोणीस वर्षं झाली, तो अजून विचारतो, "मुनव्वरभाई, सरबत कोनतं टाकू?"

पेन्सिलीचं भांडण यंदा सुरू झालं. आमचे व्यवस्थापक हेमकांतभाऊ नाशिकला दोन दिवसांचं गुणवत्तेचं प्रशिक्षण करून आले. माणूस वाईट नाही. पण प्रशिक्षणाहून आलेल्या माणसाला आणि नव्या जावयाला चार दिवस काही सांगायला जाऊ नये. आल्या आल्या त्यांनी माझ्या टेबलावरच्या सगळ्या पेन्सिली गोळा करून खोक्यात घातल्या.

"पेन्सिलनं लिखेल काय बी खोडता येस," ते म्हणाले. "उद्या कोनी नंबर बदली टाका तं? तपासणीवाला काय म्हनतीन? आते बठं निळा पेननं लिखानं."

मी सांगितलं की प्रत्येक तुकडा एका जाळीच्या प्लास्टिकच्या डबीत जातो, डबीवर नंबर असतो, आणि ती डबी रात्रभर स्पिरिटात आणि त्याहून जहाल द्रव्यांत बुडते. त्यात पेनाची शाई धुऊन जाते. शिसं टिकतं. म्हणून जगभर पेन्सिल वापरतात.

"मंग चांगला पेन वापरा ना भो," हेमकांतभाऊ म्हणाले.

इथे मी काय करायला हवं होतं ते मला नीट ठाऊक आहे. खिशात एक पेन्सिल ठेवायची आणि गुपचूप तिनेच लिहायचं. सरकारी असो की ट्रस्टचं, हॉस्पिटल असंच चालतं. पण मला राग आला होता. म्हटलं, होऊन जाऊ दे एकदा, धुऊ दे नंबर, मग कळेल. मंगळवारी आलेल्या सातही तुकड्यांचे नंबर मी चांगल्या निळ्या पेनाने, वळणदार अक्षरात लिहिले. इतकं सुंदर अक्षर मी लग्नपत्रिकेवरही काढलं नव्हतं.

बुधवारी सकाळी सातही डब्या कोऱ्या निघाल्या.

पाच तुकडे पाच वेगळ्या अवयवांचे, त्यांचं काही बिघडलं नाही. अपेंडिक्स ओळखू येतं, पित्ताशय ओळखू येतं, गर्भाशयाला तर नंबराची गरजच नसते. राहिले दोन. दोनशे चौदा आणि दोनशे पंधरा. दोन्ही चामडीचे, दोन्ही उजव्या हातावरच्या गाठीचे, दोन्ही सुपारीएवढे. एकाच दिवशी, एकाच सर्जनने काढलेले. एक भुरीबाईचा, धडगावकडच्या एका पाड्यावरची बाई. दुसरा रंजनाबाईचा, कोरीटच्या केळीवाल्या पाटलांच्या घरातली. गाठी पूर्ण काढलेल्या, तुकडे अख्खे वापरलेले, त्यामुळे मागे काही शिल्लक नव्हतं. सर्जनना विचारलं तर ते म्हणाले, त्या दिवशी अकरा ऑपरेशनं केली, हात हातासारखे होते.

मी काप काढले. शुक्रवारी धुळ्याहून डॉक्टर अमृत आले. आठवड्यातून दोनदा येतात, कमी बोलतात. त्यांनी एक काच पाहिली आणि बाजूला ठेवली. "साधी गाठ." दुसरी पाहिली, आणि बराच वेळ डोळा उचलला नाही. "ही वाईट आहे. मूळ खोल गेलंय. लगेच मोठं ऑपरेशन लागेल, कदाचित हातही जाईल. कोणाची?"

मी डबीची गोष्ट सांगितली. डॉक्टर ओरडले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "म्हणजे दोघींपैकी एकीला आपण सुरतला हात कापायला पाठवणार आणि दुसरीला घरी मरायला पाठवणार. आणि कोणती कोण, ते आपल्याला माहीत नाही."

"हो," मी म्हणालो.

त्यांनी सांगितलं, मुंबईला पाठवून डीएनए जुळवता येतो, तीन आठवडे लागतील, आणि तोवर दोघींना खरं सांगावं लागेल. हेमकांतभाऊंना बोलावलं. ते खुर्चीत बसले आणि रुमालाने मान पुसत राहिले. "लेखी सांगनं पडी का?" एवढंच त्यांनी विचारलं.

डॉक्टरांनी पुन्हा काच लावली. मग मला बोलावलं. "हे बघ." वाईट तुकड्यात, चामडीच्या खालच्या थरात बारीक काळे कण विखुरले होते. एखाद्याने काजळाची चिमूट उधळावी तसे.

"गोंदण," डॉक्टर म्हणाले. "ही शाई कशानेही धुतली जात नाही. दोघींपैकी गोंदलेली कोण?"

"भुरीबाई," मी म्हणालो. विचारसुद्धा केला नाही. डोंगरातल्या बायका मनगटापासून गोंदलेल्या असतात, हे इथे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. आणि कोरीटच्या पाटलीणबाई म्हणजे सोन्याच्या बांगड्या, पाटल्या आणि वर घड्याळ.

"बरं व्हयनं," हेमकांतभाऊ म्हणाले, "सुटनूत." डॉक्टरांनी रिपोर्ट लिहिला. खोलीतल्या तिघांनाही हायसं वाटलं. एका बाईला कॅन्सर निघाला आणि आम्हाला हायसं वाटलं, हे मी लपवून ठेवणार नाही.

डॉक्टर जेवायला गेले. रिपोर्ट माझ्या टेबलावर होता, शिक्का मारून वॉर्डात पाठवायचा होता. शिक्क्याची शाई वाळली होती म्हणून मी दोन थेंब पाणी टाकत होतो, तेवढ्यात खिडकीशी कोणी तरी खाकरलं. एक जवान माणूस, मागे एक सुकलेली म्हातारी.

"साहेब, ड्रेसिंग इथंच का?"

आमच्या खिडकीवर माणसं चुकूनच येतात. कोणाला एक्स-रे हवा असतो, कोणाला पाण्याची टाकी. मी म्हणालो, "पुढे, उजवीकडे." पण म्हातारीने तोवर हात खिडकीतून आत घातला होता आणि दुसऱ्या हाताने पट्टी सोडायला लागली होती. तो माणूस म्हणाला, "माय म्हणते, खाजतंय. टाके निघेपर्यंत आम्ही वॉर्डातच आहोत, गाव लांब पडतं. मी जालमसिंग. ही भुरीबाई."

एकोणीस वर्षांत हजारो माणसांचे तुकडे माझ्या हातून गेले. ज्या माणसाचा तुकडा, ते माणूस मी कधी पाहिलं नव्हतं. पाहायची गरजच नसते.

पट्टी सुटली. मनगटापासून वर हिरव्या ठिपक्यांच्या ओळी, विंचू, बाजूबंदासारखी नक्षी. ती सगळी नक्षी हाताच्या अर्ध्यावर संपत होती. टाके होते त्याच्याही वर, कोपराजवळ, कोऱ्या चामडीवर. सगळ्यात जवळचा ठिपका आणि टाका यांच्यात माझी चार बोटं मावली. मी बोटं लावून मोजलं. म्हातारीला वाटलं, मी डॉक्टर आहे. ती काहीतरी म्हणाली.

"विचारते, बरं होईल का," जालमसिंग म्हणाला.

"ड्रेसिंग पुढे, उजवीकडे," मी म्हणालो.

ते गेल्यावर मी तो रिपोर्ट मेणाच्या वड्यांच्या कपाटात ठेवून कुलूप लावलं, किल्ली खिशात घातली आणि मोटारसायकल काढली. कोरीटच्या रस्त्यावर मी स्वतःला जितक्या शिव्या दिल्या तितक्या हेमकांतभाऊंना वर्षभरात दिल्या नसतील. नंबर पेनामुळे धुतला गेला होता. भुरीबाईचं नाव मात्र मी दिलं होतं, हात न बघता.

रंजनाबाई ओट्यावर मेथी निवडत होत्या, डाव्या हाताने. त्यांचे यजमान पितांबर पाटील झोक्यावर बसून पाय हलवत होते. मी म्हणालो, दवाखान्यातून आलो, टाके बघायचे आहेत.

"या भाऊ, बठा. घर लोंग वनात?" मी घरापर्यंत आलो म्हणून पितांबरभाऊ खूश झाले. "एवढी सेवा सुरतले बी नही."

रंजनाबाईंनी बाही वर केली. बांगड्यांच्या वर, हाताच्या आतल्या अंगाला हिरवट, फिकट झालेलं एक नाव होतं. सुरुवातीचं अक्षर होतं, शेवटची दोन होती. मध्ये पाच टाके होते.

"डाक्टरनी मन्हं नावच कापी टाकं," पितांबरभाऊ म्हणाले. "आते अर्धा मी तुमना दवाखानामा शे."

मी हसलो. हसायला पाहिजे होतं म्हणून हसलो. माझ्या काचेवर अक्षर नव्हतं, नुसते काळे कण होते, पण ते कोणाचे ते आता मला कळलं होतं. भुरीबाई वाचली याचा आनंद झाला, आणि समोर ही बाई मेथी निवडत होती.

"लगीन व्हयनं त्याच वरीसले सासूबाईनी गोंदाडी दिन्हं," रंजनाबाई म्हणाल्या. "म्हने, सोनंनाणं आठेच राही जास, गोंदेल तेवढं संगे येस." मग त्यांनी मेथीची काडी खाली ठेवली. "भाऊ, टाका बघाले कोनी घर येस नही. काय निंघनं?"

रिपोर्ट सांगायचा अधिकार मला नाही. मी म्हणालो, "डॉक्टर पाचपर्यंत आहेत. आज या. दोघं या."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली. चहा मात्र पिऊनच जावं लागलं.

परत येऊन मी डॉक्टरांना सगळं सांगितलं. ते स्वतः वॉर्डात जाऊन भुरीबाईचा हात पाहून आले. मग त्यांनी आधीचा रिपोर्ट फाडला, चार तुकडे केले, आणि पुन्हा चार. पाच वाजता रंजनाबाई आणि पितांबरभाऊ आले. नंबर कसे धुतले गेले तेही डॉक्टरांनी त्यांना सांगितलं, लपवलं नाही. जालमसिंगलाही सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे मायला काही नाही?" "काही नाही." बाकीचं त्याने ऐकलंच नाही. दोन दिवसांनी टाके काढून मायलेक धडगावच्या गाडीत बसले.

सोमवारी हेमकांतभाऊंनी परिपत्रक काढलं, की यापुढे सर्व नंबर पेन्सिलनेच लिहावेत, अन्यथा कारवाई होईल. खोकं परत आलं. त्यांना बोलायचं तोंड मलाही नव्हतं.

सुरतला रंजनाबाईंचं ऑपरेशन झालं. हात राहिला, पण आतल्या अंगाची सगळी चामडी काढून मांडीची लावली. दिवाळीनंतर एक दिवस त्या माझ्या खिडकीशी आल्या, एकट्याच. मी म्हणालो, ड्रेसिंग पुढे. म्हणाल्या, "माले तुमनाकडेच काम शे." हात दाखवला. नाव पूर्ण गेलं होतं. चामडी गुळगुळीत, दुसऱ्याच कोणाची तरी वाटावी अशी.

"सुरतवाला म्हने, त्यासनी बठं टाकी दिन्हं. तुमनाकडे जो तुकडा व्हता, तो शे का?"

मी कपाटातून वडी काढून दाखवली. मेणाचा पांढरा चौकोन, मधोमध तपकिरी ठिपका. त्यांनी हातात घेतली नाही, नुसती पाहिली.

"यामा त्यासनं नाव शे?"

"आहे. थोडंसं."

"माले आज नको. मंग लागी. माले मसानमा लई जातीन ना, तवय संगे टाका." हे त्यांनी भाजीवाल्याला कोथिंबीर मागावी तशा आवाजात सांगितलं. "कितला वरीस ठेवतस तुम्ही?"

"आमचा नियम दहा वर्षांचा आहे. मग टाकून देतो."

त्यांनी थोडा हिशेब केला. "धा वरीस मी जगसू का?"

मी म्हणालो, मला माहीत नाही. आणि मला खरंच माहीत नव्हतं.

त्या गेल्यावर मी रजिस्टर उघडलं, दोनशे पंधरा नंबरची ओळ काढली आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: मुदत संपली तरी टाकू नये, बाई घेऊन जाणार आहेत. पेन्सिलने लिहिलं. मग पेन्सिल पुन्हा तासून तीच ओळ वरून एकदा गडद केली.