वाद चालू आहे

सासूबाई गेल्यापासून माझ्या सासऱ्यांनी घरात तोंड उघडलं ते फक्त जेवायला. मी काही वाकडं बोलत नाहीये, मला ते वडिलांच्या जागी आहेत, पण माणसाने गप्प बसावं तरी किती! आयुष्यभर शहराची बस चालवली, आवाज शेवटच्या सीटपर्यंत पोचायचा, आणि आता मी विचारलं, "बाबा, अजून वाढू?" तर नुसती मान हलते. हो का नाही, तेही धड कळत नाही. मी पुढच्या खोलीत मशीनवर लोकांच्या पँटी आखूड करत असते, ते खिडकीपाशी बसलेले. दिवसभर मीच विचारते आणि मीच उत्तर देते. आमचे हे म्हणतात, "ऐकून घेतात हेच खूप समज." यांचं काय जातंय म्हणायला!

सकाळी फिरायला मात्र न चुकता जायचे. एकदा चष्मा विसरले म्हणून मी मागोमाग धावले. मोठ्या चौकात येऊन बघते तर काय, बाबा तावातावाने भांडत होते. आणि कोणाशी? तोफेशी!

तोफ म्हणजे आमच्या चौकातली मागणारी म्हातारी. लाल दिवा लागला की गाड्यांमधून फिरते, हात पुढे करते, आणि देणाऱ्याला आशीर्वाद सोडून बाकी सगळं देते. हेल्मेट कुठंय, काच पुसायला हात दुखतात का, पोराला असं पुढे उभं करतात होय. हे नाव कोणी ठेवलं माहीत नाही, पण अगदी चपखल आहे.

"तुझीच बस होती ती!" ती ओरडत होती. "डबक्यातून घातलीस आणि मला डोक्यापासून पायापर्यंत चिखलाने माखलंस. वळून बघितलंसुद्धा नाहीस!"

"त्या रस्त्याला माझी बस नव्हतीच कधी!" हे बाबा. माझे गप्प बाबा! "दुसऱ्याचं बिल माझ्यावर फाडू नकोस!"

"मिशी ओळखते मी!"

"मिशा डेपोत सगळ्यांनाच होत्या!"

दिवा हिरवा झाला तशी ती कडेला आली. बाबांनी तिच्या हातावर नाणं ठेवलं आणि दोघं पुन्हा सुरू. मी चष्मा मुठीत धरून तशीच परत आले. खरं सांगते, मला रागच आला. घसा कोरडा करायचा मी, आणि तोंड उघडायचं ते हिच्यासमोर!

मग नवा नियम येणार अशी बातमी आली. चौकात मागायचं नाही आणि द्यायचंही नाही, सापडले तर दोघांनाही दंड. लोकांचं म्हणणं ऐकायला पालिकेने शाळेच्या सभागृहात सभा ठेवली. अख्खा भाग लोटला होता. बाबाही आले, कोणाला न सांगता, इस्त्रीचा शर्ट घालून.

औषधाच्या दुकानाची मालकीण म्हणाली, "गाड्या मध्येच थांबतात. माझ्या डोळ्यांदेखत एक पोरगी स्कूटरवरून पडली, मनगट मोडलं तिचं. मला कोणाचं वाईट करायचं नाही हो, पण उद्या ती म्हातारीच चाकाखाली आली तर?" टाळ्या पडल्या. मग निवृत्त मास्तर उठले. "आणि हलवून तिला पाठवणार कुठे? आपल्या डोळ्यांसमोरून गेली म्हणजे तिची गरिबी गेली का?" टाळ्या त्यांनाही. मीसुद्धा दोघांना वाजवल्या. दोघांचंही पटत होतं, काय करणार! कोणी म्हणालं, निवाऱ्यात जागा आहे. कोणी म्हणालं, मग तिथल्या ढेकणांना आधी नोटीस द्या.

आणि बाबा उठले.

"त्या बाईचा आणि माझा एक वाद चालू आहे," ते म्हणाले. आवाज थेट मागच्या भिंतीपर्यंत गेला. "त्याचा निकाल लागेपर्यंत तिला हलवता येणार नाही."

काय हशा पिकला! अध्यक्ष म्हणाले, "आजोबा, मुद्द्याचं बोला."

"हाच मुद्दा आहे. ती रोज विचारते, मी रोज नाही म्हणतो. तिला नेलंत तर मी नाही कोणाला म्हणू?"

पुढच्या रांगा अजून हसत होत्या. मला काही हसू येईना.

नियम झाला. तोफेला मंडईमागच्या निवाऱ्यात खाट मिळाली, दोन वेळचं गरम जेवण मिळालं. तिचं भलंच झालं म्हणायचं. बाबांचं फिरणं मात्र बंद झालं. आता मी विचारलं तर मानही हलेना. हे म्हणाले, "वय झालंय." मी म्हटलं, "वय काय एका आठवड्यात होतं?" आणि मशीनवर झाकण घालून उठले.

तोफ निवाऱ्याच्या पायरीवर शेंगा सोलत बसली होती.

"मावशी, आमच्या बाबांना ओळखता ना? बसचे ड्रायव्हर."

"मेला?"

"अहो, काहीतरीच काय! घरी आहेत. बोलत नाहीत."

"मग मी काय करू? घरोघर जाऊन भांडू?"

"हो," मी म्हटलं. "मागायला बंदी आहे. भांडायला नाही."

तिने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "चहा देशील? का त्यालाही दंड आहे?"

"घरात दंड नाही."

"साखर बेताची घालू नकोस मग. पत्ता सांग."

दुसऱ्या दिवशी सकाळी दारावर धडाधड थापा पडल्या. बेल होती, पण ऐकतंय कोण! "ए ड्रायव्हर! घरात दडून बसलास होय!"

बाबा खुर्चीतून असे उठले की मांडीवरचा पेपर घरभर झाला. "कोण दडलंय? त्या रस्त्याला माझी बस नव्हतीच!"

मी ओट्यापाशी उभी राहून हसत होते आणि डोळ्यांना पदर लावत होते. शेजारीण काय झालं म्हणून डोकावली, तिला म्हटलं, काही नाही, भांडण चाललंय, जा तू निवांत.

पहिला चहा संपला तेव्हा बाबा रिकामे कप घेऊन आत आले. इतक्या दिवसांत स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडला नव्हता त्यांनी. बाहेर एकदा नजर टाकून हळूच म्हणाले, "बस माझीच होती गं."

"काय?"

"आरशात दिसली होती मला ती, चिखलात निथळत उभी. उशीर झाला होता. थांबलो नाही."

"अहो बाबा, मग सांगून टाका की! बिचारी इतकी वर्षं विचारतेय."

"वेडी आहेस का?" त्यांनी कप माझ्यापुढे सरकवले. "सांगितलं की मिटलं. मग उद्या ती कशाला येईल?"